धानोरीत घर, डोक्यावर सुखोई: तक्रार करावी, काचा बदलाव्यात की घर विकावं?

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या वर्षी पुण्यात धानोरीला रीसेलमध्ये दोन बीएचके घेतला. सातवा मजला, हवा भरपूर, रात्री बाल्कनीतून विमानतळाचे दिवे दिसतात. घर बघायला तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा ब्रोकरने रविवारीच बोलावलं. मला वाटलं, माझ्या नोकरीचा विचार करतोय बिचारा. राहायला आलो आणि सोमवारी सकाळी कळलं तो कसला विचार करत होता.

प्रवासी विमानांचं मी एक वेळ चालवून घेईन. आवाज चढतो, उतरतो, संपतो. पण सुखोईसारखी लढाऊ विमानं जोडीने उठतात. पहिलं गेलं म्हणून कानावरचे हात काढावेत तर दुसरं. फडताळातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायला लागतात. आठ महिन्यांची मुलगी आधी दचकते, मग श्वास धरून ठेवते आणि मग भोकाड पसरते. ते श्वास धरणं बघवत नाही हो. रात्रीच्या सरावाचे दिवस असले की नऊ वाजता झोपवलेली पोर साडेनऊला परत मांडीवर.

प्रश्न तीन. तक्रार नेमकी कुठे करायची आणि कुणाला तिचा उपयोग झालाय का? खिडक्यांना दुहेरी काच लावून फरक पडतो का? (एकाने अख्ख्या घराचे १ लाख ८० हजार सांगितलेत.) तिसरा प्रश्न माझा नाही, आईचा आहे: विकून मोकळे का होत नाही?

भोचकभवानी

लोक विमाननगर नावाच्या भागात घर घेतात आणि मग विचारतात, इथे विमानं कशी काय. तुम्ही निदान धानोरीत घेतलंत. नावाने फसवलं असं म्हणायला तुम्हाला वाव आहे.

निवृत्त_फौजी

राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो. लोहगावचा हवाई तळ १९३९ सालचा आहे. तेव्हा तुमच्या सोसायटीच्या जागी ज्वारी होती. देशात पहिली सुखोई आली ती १९९७ साली, तीही इथेच. ही काही लपवून ठेवलेली गोष्ट नाही. कुणाही रिक्षावाल्याला विचारलं असतंत तरी त्याने सांगितलं असतं.

रात्रीचं उड्डाण रात्रीच शिकावं लागतं. दिवसा गॉगल लावून ते शिकता येत नाही. जोडीने उठतात कारण लढायचंही जोडीनेच असतं. आणि तो जो छाती हलवणारा आवाज तुम्ही म्हणताय तो आफ्टरबर्नरचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोतात पुन्हा इंधन सोडून पेटवतात, तेव्हा तो जोर मिळतो. प्रवासी विमानाच्या इंजिनात बरीचशी हवा गाभ्याला वळसा घालून सावकाश मागे जाते, म्हणून ते मऊ वाजतं. इथे सगळा झोत अरुंद आणि प्रचंड वेगाचा. गोंगाट त्या वेगातून होतो.

बाकी पोरीबद्दल खरंच वाईट वाटलं. आमची दोन्ही मुलं हवाई तळांच्या क्वार्टरमध्येच वाढली. पहिल्या वर्षी दोघंही अशीच दचकायची.

शेंगदाणा

आमच्याकडे कळसला सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्प सुरू केला, गोत्रापर्यंत आले आणि वर गडगडाट. गुरुजी थांबले. हातातलं पाणी तसंच. विमान गेलं, गुरुजींनी पहिल्यापासून सुरू केलं, परत गोत्रापर्यंत आले आणि जोडीतलं दुसरं आलं. संकल्प अडीच वेळा झाला. दक्षिणा एकदाच घेतली, मोठ्या मनाचा माणूस.

लोहगावचा_बाळू

फौजी काका, मान राखून बोलतो. तळ आधी का वस्ती आधी हे तुम्ही सोसायटीवाल्यांना विचारा, आम्हाला नका विचारू. लोहगाव तुकोबांचं आजोळ. ते काय १९३९ नंतर झालं का? आमच्या पंज्याच्या रानावरून आज विमान पळतंय.

आणि आवाजाचं म्हणाल तर गावाला सवय झाली. सवय झाली म्हणजे काय, तर आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो. माझं लग्न जमलं तवा सासरचे म्हणले, पोरगं तापट दिसतंय. तापट नाय ओ, विमानाखाली वाढलंय.

आमचं खरं दुखणं दुसरंच हाय. बॉम्ब डंपपासून, म्हणजे तळाच्या दारूगोळ्याच्या कोठारापासून, ९०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी. चुलत्याला वाटणीत आलेल्या दोन गुंठ्यांत खोली काढायची तर कागदावर कागद. आणि जरा लांब बघावं तर अकरा-अकरा मजले उभे. आवाज काय ९०० मीटरवर येऊन थांबतो का?

पारलेवासी

पुणेकरांनो, तुमचं दुःख मोठं आहे हे मान्य, पण जरा आमच्याकडेही बघा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेला उडालेलं विमान समुद्र गाठेपर्यंत आमच्याच आसपास असतं. उतरणारी घाटकोपर, कुर्ला, जरीमरीवरून येतात. तिथे तर गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि विमानाचं पोट एकाच चौकटीत मावतं. दोन धावपट्ट्या आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येत नाहीत. तरी दिवसाला हजारावर ये-जा झाल्याचेही दिवस आहेत.

आम्ही पार्लेकर वाक्य मध्येच सोडतो, विमान जाऊ देतो आणि पुढच्या शब्दापासून उचलतो. बाहेरगावचा पाहुणा गोंधळतो. त्याला वाटतं यजमान काहीतरी विसरले.

आईच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ घड्याळावर नव्हतीच. सकाळी एक ठरावीक जाडजूड विमान जायचं, ते गेलं की गोळी. मग ऑक्टोबरअखेर विमानांचं हिवाळी वेळापत्रक लागलं आणि आई पन्नास मिनिटं उशिरा गोळी घ्यायला लागली. दोन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी अकरा ते पाच बंद ठेवतात. वर्षातले ते दोन दिवस मी रजा टाकतो. हसू नका, खरंच टाकतो. दुपारी बाल्कनीत नुसता बसतो. समोरच्या इमारतीत कुणीतरी पेटी शिकतंय हे मला अशाच एका दुपारी कळलं.

भोचकभवानी

पारलेवासी, पेटीवाले कसे वाजवतात?

पारलेवासी

विमानं बरी.

गॅलरीतली_तुळस

धागालेखक, तुमच्या पहिल्या प्रश्नावर अनुभव सांगते. आमच्या सोसायटीने तीन वर्षांपूर्वी साठ सह्यांचं पत्र दिलं. एका कार्यालयाने लिहिलं, धावपट्टी आमची नाही. दुसऱ्याने लिहिलं, प्रवासी विमानांच्या वेळा आम्ही ठरवत नाही. तिसरीकडून विचारणा आली की आपल्या सोसायटीने लाउडस्पीकरची परवानगी घेतली होती का. ते कुठल्या फायलीतून आलं देव जाणे. तीनही पत्रं मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत.

गुंता असा की प्रवासी टर्मिनल एका खात्याचं, पण धावपट्टी आणि हवाई नियंत्रण वायुसेनेचं. तक्रार करा, जरूर करा, पण ‘आवाज कमी करा’ असं मोघम लिहू नका. तारीख, वेळ, कोणत्या दिशेने, लढाऊ की प्रवासी, असा महिनाभराचा तक्ता जोडा. आमची पहिली चूक तीच होती. साठ सह्या होत्या आणि एकही तारीख नव्हती.

लॉगॅरिदम

कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथे बरेच जण ५५ आणि ४५ घेऊन बसतात. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमधली. रात्र म्हणजे दहा ते सहा. विमानतळाच्या परिसरासाठी केंद्राने २०१८ मध्ये वेगळी मर्यादा काढली: वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणं-उतरणी असलेल्या तळाभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५.

आता गंमत बघा. हे आकडे सरासरीचे आहेत. समजा तासात एकदाच विमान गेलं. वीस सेकंद ९० डेसिबल, बाकी तासभर चिडीचूप. त्या तासाची सरासरी येते साधारण साडेसदुसष्ट. म्हणजे नियमात बसलं! वाट्या किणकिणल्या, पोर रडली, गुरुजींचा संकल्प मोडला आणि कागदावर सगळं शांत. सरासरीला दचकता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या शिफारशीत विमानांचा रात्रीचा आवाज ४० च्या खाली ठेवा म्हटलं आहे. आपल्याकडे तेवढा आवाज पंखाच करतो.

शेंगदाणा

‘सरासरीला दचकता येत नाही.’ वाखूसा (वाचनखूण साठवली).

हाउन्सलोची_सून

लंडनहून. सासर हाउन्सलोला, हीथ्रोच्या अगदी नाकाखाली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी घर दाखवताना स्वयंपाकघराआधी वेळापत्रक दाखवलं. तिथे उतरायच्या धावपट्ट्या दुपारी तीनला बदलतात. एक आठवडा सकाळी गोंगाट आणि तीननंतर सुटका, पुढच्या आठवड्यात उलट. आवाज कमी होत नाही, पण कधी होणार ते ठाऊक असतं. पाहुणे, बाळाची झोप, सगळं त्यावर. मला तर वाटतं निम्मा त्रास आवाजाचा आणि निम्मा तो कधी येईल ते माहीत नसण्याचा. रात्री साडेअकरा ते सहामधल्या विमानांच्या संख्येवरही वर्षाची मर्यादा आहे.

इथल्या एका शाळेच्या मैदानात मातीने लिंपलेले घुमट बांधलेत, मुलांना बाहेर बसून बाईंचं बोलणं ऐकू यावं म्हणून. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला कणगी आठवली.

निवृत्त_फौजी

सूनबाई, लढाऊ विमानांचं वेळापत्रक छापून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचं म्हणता? शत्रूला वेगळा हेर नको मग.

हाउन्सलोची_सून

काका, मी प्रवासी विमानांचं म्हणतेय. आणि विमान उठल्यावर अर्ध्या पुण्याला कळतं, हेराला काय कळायचं राहिलं?

निवृत्त_फौजी

बरं. हे बरोबर बोललात.

विक्षिप्त_वारा

अवांतर: हिवाळ्यात पहाटे आवाज जास्त जवळून येतो असं कुणाला जाणवलंय का? भास नाही तो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वळून परत खाली येतो. डिसेंबरात आमच्या खराडीत विमान गच्चीवरच उतरतंय असं वाटतं.

अति अवांतर: कबुतरांना दाणे टाकणारे लोक आणि उघड्यावर कचरा टाकणारे लोक, दोघांनाही धावपट्टी दाखवून आणा एकदा. कचऱ्यामागे घारी येतात आणि घार इंजिनात गेली की काय होतं ते फौजी काका सांगतील.

भोचकभवानी

कबुतरं आली. आता या धाग्याची शंभरी नक्की.

संपादक मंडळ

विमानतळाचं नाव कुणामुळे बदलायचं ठरलं आणि नवं टर्मिनल कुणी आणलं यावरचे नऊ प्रतिसाद काढले आहेत. कबुतरांवरचे सहा ठेवले आहेत, पण सातवा नको. मूळ प्रश्न मुलीच्या झोपेचा आहे.

म्युनिकस्थ

पुण्याचा विमानतळच पुरंदरला हलवावा असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. म्युनिकचा जुना विमानतळ रीमला होता, तो १९९२ च्या मे महिन्यात एका रात्रीत नव्या जागी गेला. संशोधकांनी ही संधी साधली आणि दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांना हलवण्याआधी आणि नंतरही तपासलं. जुन्या तळाजवळची मुलं वाचनात आणि दीर्घ स्मरणात सुधारली. नव्या तळाजवळची त्याच गोष्टींत मागे पडली.

त्यामुळे ‘पुरंदरला गेलं की सुटलो’ हे ऐकलं की मला सुटलेल्यांपेक्षा ज्यांच्याकडे गेलं त्यांची आठवण येते.

अंजीर

धन्यवाद म्युनिकस्थ. मी त्या पुरंदरचाच. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, अशी सात गावं आहेत. आमच्याकडे अजून विमान नाही, फक्त मोजणीवाले येतात. रात्री अंजिराच्या बागेत पाणी द्यायला गेलं की पाटाचं पाणी मातीत जिरताना ऐकू येतं. पुण्यातले पाहुणे येतात आणि म्हणतात, किती शांत आहे तुमच्याकडे. तेच पाहुणे जेवताना विचारतात, विमानतळ कधी होतोय, मग आमचा त्रास संपेल.

आणि एक सांगतो. पुरंदरला जाणार ती प्रवासी विमानं. धागालेखकाच्या मुलीला उठवतात ती लढाऊ. ती कुठे जाणार आहेत?

सातवा_मजला

हे खरंच माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गेले सहा महिने पुरंदरच्या बातम्यांची कात्रणं काढतोय.

उलव्याचा_उल्हास

आमच्याकडे २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईची विमानं सुरू झाली. पहिल्या दिवशी अख्खी सोसायटी गच्चीवर, पोहे-चहा, टाळ्या. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या गटावर पहिला प्रश्न आला: ‘काच कुणाकडून बसवावी?’ जाहिरातीत ‘विमानतळापासून दहा मिनिटे’ होतं ना, ते आडवं होतं असं आम्हाला वाटलेलं. उभंही निघालं.

गॅलरीतली_तुळस

फौजी काका आणि बाळू, तुम्ही दोघं आधी कोण यावर भांडताय, पण तुम्ही दोघंही आधीच होतात. नंतर आलो ते आम्ही. आणि आम्ही हवेत नाही आलो. नकाशा कुणीतरी मंजूर केला, भोगवटापत्र कुणीतरी दिलं, बँकेने कर्ज दिलं. इमारतीची उंची विमानतळामुळे किती असावी हे मोजून दिलं होतं, मीटरच्या पुढच्या दोन दशांशांपर्यंत. म्हणजे विमान इथून जातं हे फायलीला माहीत होतं. मग त्याच फाइलीत ‘खिडक्या अशा लावा’ ही एक ओळ का नव्हती? बांधतानाच चांगली खिडकी लावली तर कितीसा फरक पडला असता?

लोहगावचा_बाळू

ताई, हे पटलं.

निवृत्त_फौजी

मलाही. आमच्या सोसायटीतही सरकत्या खिडक्याच आहेत.

खिडकीवाला

कुणीतरी खिडकीचं नाव काढलं, म्हणून आलो. भोसरीत खिडक्यांचंच काम करतो. धागालेखक, १ लाख ८० हजार देऊ नका. निदान आत्ताच नको.

आवाज पाण्यासारखा असतो, फटीतून शिरतो. तुमच्या सरकत्या खिडकीला खाली पाणी जायला भोकं आहेत, दोन पल्ल्यांच्या मध्ये ब्रश आहे, तोही झिजलेला असणार. त्याच चौकटीत कितीही महाग काच घाला, भोकं तशीच राहतात. आधी हे करा: विमान जाताना खिडकीच्या कडेकडेने तळहात फिरवा, मग कान फिरवा. कुठून येतो ते कळेल. बाथरूमच्या एक्झॉस्टचं भोक आणि एसीच्या नळीचं भोक विसरू नका. निम्मी गिऱ्हाइकं काचेवर पैसे घालतात आणि नळीच्या भोकात वर्तमानपत्र कोंबलेलं असतं.

दुसरं, ‘दुहेरी काच’ म्हणून बाजारात जे मिळतं ते पाच मिमी, बारा मिमी हवा, पाच मिमी. ते उष्णतेसाठी चांगलं. विमानाच्या घुमणाऱ्या आवाजाला त्याचा फार उपयोग नाही, कारण दोन्ही काचा सारख्याच जाड, दोघी एकाच सुरात थरथरतात. आहे ती खिडकी ठेवा. आतल्या बाजूने चार इंच अंतर सोडून दुसरी बिजागरीची खिडकी लावा, रबराने घट्ट मिटणारी, तिला लॅमिनेटेड (मध्ये पातळ थर चिकटवलेली) काच. जाडी बाहेरच्यापेक्षा वेगळी. आणि अख्ख्या घराला नको, ज्या खोलीत बाळ झोपतं तिलाच.

खोटं बोलत नाही: प्रवासी विमान जवळजवळ गायब होईल. सुखोईचा वरचा कर्कश भाग जाईल, खालचा घुमारा उरेल. तो भिंतीतूनही येतो. आणि खिडकी बंद म्हणजे एप्रिलमध्ये एसी, विजेचं बिल तुमचं.

सातवा_मजला

महिन्याभराने लिहितोय, उशिराबद्दल माफी. सगळ्यांचे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. आईला गुरुजी फार आवडले.

खिडकीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी तळहात फिरवला. एसीच्या नळीच्या भोकात वर्तमानपत्र होतं. २०१९ चं.

मग एकाच खोलीला आतून दुसरी खिडकी बसवली. ३४ हजार झाले, त्यात त्या भोकाचंही आलं. परवा रात्री सराव होता. मी मुद्दाम हॉलमध्ये उभा होतो, वाट्या नेहमीसारख्या किणकिणल्या. धावत आत गेलो. घुमारा होता, पायाला फरशीतून जाणवला. पोरीने मूठ उघडली, परत मिटली आणि कूस बदलली. श्वास धरला नाही. बायको म्हणाली, आता तू दार उघडून उभा राहिलास तर उठेल.

तक्ता करतोय, एकोणीस दिवस झाले. लढाऊ एका रकान्यात, प्रवासी दुसऱ्यात. तुळसताई, तुमच्या तीन पत्रांचे फोटो मिळतील का? आमच्या सोसायटीतले बावीस जण तयार आहेत, या वेळी तारखांसकट. त्यात फाइलीतल्या त्या न लिहिलेल्या ओळीचंही विचारणार आहोत.

घर विकत नाही. विकलं तर गिऱ्हाइकाला सोमवारी सकाळी बोलवावं लागेल आणि मग ते कुणी घेणार नाही.

गॅलरीतली_तुळस

पाठवते. लाउडस्पीकरवालं पण हवंय का?

सातवा_मजला

ते आधी पाठवा.

उलव्याचा_उल्हास

खिडकीवाले, भोसरीहून उलव्याला येता का? आमच्याकडे चाळीस घरं आहेत.

खिडकीवाला

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. नळीची भोकं आधी बघून ठेवा.